न फुटलेल्या जहाजाचे करायचे काय?

दौंड, ता. १३ - देशभरात उद्यापासून (ता. १४) अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जाणार आहे. ठिकठिकाणी प्रात्यक्षिके होतील, शाळांमध्ये व्याख्याने होतील, अग्निशमन दलाच्या हुतात्म्यांना मानवंदना दिली जाईल. हा सप्ताह १४ एप्रिललाच का सुरू होतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे दारूगोळ्याने भरलेले जहाज फुटले आणि आग विझवायला गेलेले मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह आहे.

त्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी, २० ऑगस्ट १९४४ रोजी, इंग्लंडमध्ये थेम्स नदीच्या मुखाशी 'रिचर्ड माँटगोमेरी' नावाचे अमेरिकी जहाज वाळूत रुतले आणि दुभंगले. 'फोर्ट स्टिकीन'वर सुमारे १,४०० टन स्फोटके होती. 'माँटगोमेरी'च्या तुटलेल्या सांगाड्यातही साधारण तेवढीच स्फोटके राहिली, आणि ती अद्याप तेथेच आहेत. एक जहाज फुटल्याला आणि दुसरे न फुटता पडून राहिल्याला ८० वर्षे उलटून गेली आहेत. महायुद्धात बुडालेल्या दारूगोळ्याच्या जहाजांचे करायचे काय, हा प्रश्न जगाच्या अनेक किनाऱ्यांवर आजही अनुत्तरित आहे. त्याचे उत्तर शोधताना मुंबईच्या त्या दुपारी नेमके काय चुकले, हे समजून घेणे उपयोगाचे ठरते.

कापूस, तेल आणि तोफगोळे

'फोर्ट स्टिकीन' हे ७,१४२ टनी मालवाहू जहाज कॅनडात १९४२ मध्ये बांधले गेले होते. २४ फेब्रुवारी १९४४ रोजी ते इंग्लंडमधील बर्कनहेड बंदरातून निघाले. जहाजावर तोफगोळे, पाणतीर, सुरुंग अशी १,३९५ टन युद्धसामग्री होती. त्यांपैकी २३८ टन स्फोटके अतिसंवेदनशील वर्गातील होती. लढाऊ विमानेही होती. शिवाय पोलादी पेटीत सोन्याच्या १२४ विटा होत्या. रुपयाचे मूल्य सावरण्यासाठी हे सोने भारतात पाठविण्यात येत होते.

कराचीत विमाने उतरविल्यावर रिकाम्या जागेत कापसाच्या सुमारे ८,७०० गासड्या, वंगणतेलाची पिंपे, गंधक, इमारती लाकूड, भंगार लोखंड, तांदूळ आणि मासळीचे खत भरण्यात आले. सहज पेटणारा कापूस आणि स्फोटके एकाच जहाजावर ठेवू नयेत, हे त्या काळीही सर्वांना माहीत होते. मात्र युद्धामुळे जहाजांची टंचाई होती आणि जागा रिकामी नेणे परवडणारे नव्हते. दोन क्रमांकाच्या तळघरात खाली कापूस आणि वर स्फोटके अशी रचना झाली.

शांततेच्या काळात स्फोटकांचे जहाज गोदीच्या आत घेतले जात नसे. ते बाहेर खोल पाण्यात नांगरून त्यावरील माल पडावांमधून उतरविला जात असे. युद्धकाळात वेळ वाचावा म्हणून हा नियम शिथिल करण्यात आला होता. जहाजावर धोकादायक माल आहे, हे दर्शविणारा लाल बावटा लावण्याचीही सक्ती उरली नव्हती. १२ एप्रिलला 'फोर्ट स्टिकीन' व्हिक्टोरिया गोदीतील एक क्रमांकाच्या धक्क्याला लागले. शेजारच्या जहाजांना आणि धक्क्यावरील हजारो कामगारांना त्याच्या पोटात काय आहे, याची कल्पना नव्हती.

दोन तासांतले तीन पर्याय

१४ एप्रिलला दुपारच्या सुटीच्या सुमारास या जहाजातून धूर येताना आसपासच्या जहाजांवरील काहींनी पाहिला. जहाजावर मात्र आग लक्षात आली तेव्हा सुमारे दोन वाजले होते. स्फोटकांच्या जहाजाला आग लागली, तर अग्निशमन दलाला त्यासाठी ठरलेली विशेष वर्दी द्यायची असते. प्रत्यक्षात नेहमीच्या आगीची वर्दी गेली आणि सुरवातीला फक्त दोन बंब आले. पुढे कुमक वाढली. तोवर मोलाची मिनिटे निघून गेली होती.

त्यानंतरच्या दोन तासांत धक्क्यावर जे घडले, ते या दुर्घटनेचे मर्म आहे. तेथे जमलेल्या अधिकाऱ्यांपुढे तीन पर्याय होते. जहाज जागेवरच बुडवावे, असे सैन्याच्या दारूगोळा खात्याच्या अधिकाऱ्याचे मत होते. मात्र गोदीत पाणी उथळ होते. जहाज तळाला टेकले, तरी वरचा भाग पाण्याबाहेरच राहिला असता. जहाज ओढून बाहेर समुद्रात न्यावे, असे गोदीच्या व्यवस्थापकांनी सुचविले. तसे केल्यास पाण्याचा मारा थांबवावा लागला असता, म्हणून अग्निशमन दलाला आग जागेवरच विझविणे योग्य वाटत होते. कप्तान, गोदीचे व्यवस्थापक, लष्करी अधिकारी आणि अग्निशमन दलाचे प्रमुख असे सारे हजर असताना अंतिम निर्णयाचा अधिकार कोणाचा, हेच ठरलेले नव्हते. त्यामुळे निर्णय न घेताच तिसरा पर्याय आपोआप अमलात आला.

जहाजात सुमारे ९०० टन पाणी ओतले गेले. आगीचे नेमके ठिकाण दाट धुरामुळे दिसत नव्हते. पाण्याची पातळी वाढली, तशा पेटलेल्या गासड्या तरंगत वर आल्या आणि आग स्फोटकांच्या अधिकच जवळ पोचली. ३ वाजून ५० मिनिटांच्या सुमारास जहाज सोडण्याचा आदेश निघाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा, पहिल्यापेक्षाही मोठा.

आवाज ८० किलोमीटर अंतरापर्यंत ऐकू गेला. हजार मैलांवरील सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर धक्क्यांची नोंद झाली. शेजारचे सुमारे ४,००० टनी 'जलपद्म' जहाज उचलले जाऊन धक्क्यावरील शेडवर आदळले. व्हिक्टोरिया आणि शेजारच्या प्रिन्सेस गोदीतील डझनभर जहाजे बुडाली अथवा निकामी झाली. पेटलेला कापूस आणि तापलेले लोखंड मांडवी, मशीद बंदर परिसरातील वस्तीवर कोसळले. गोदीपासून दीड-दोन किलोमीटर अंतरावरील एका पारशी गृहस्थाच्या घराचे छप्पर फोडून सोन्याची वीट आत पडली आणि त्यांनी ती सरकारजमा केली, ही हकिगत मुंबईत आजही सांगितली जाते.

मृतांची संख्या ८०० ते १,३०० च्या दरम्यान असल्याचे मानले जाते. सुमारे २,५०० जण जखमी झाले आणि ८० हजारांच्या आसपास लोक बेघर झाले. अन्नटंचाईच्या काळात ५० हजार टनांहून अधिक धान्य जळून गेले. आग आटोक्यात येण्यास तीन दिवस लागले. आठ हजार माणसांनी सात महिने राबून सुमारे पाच लाख टन राडारोडा उपसला, तेव्हा गोद्या पुन्हा सुरू झाल्या.

माहितीवर पहारा

एवढा हाहाकार माजूनही त्याची अधिकृत वार्ता जगाला लगेच मिळाली नाही. युद्धकालीन प्रसिद्धिनियंत्रणामुळे बातमीदारांना आपले वृत्तांत मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत बाहेर पाठविता आले नाहीत. जपान्यांच्या ताब्यातील सायगाव नभोवाणीने मात्र दुसऱ्याच दिवशी ही बातमी दिली होती. चौकशीत घातपाताचा संशय ग्राह्य धरला गेला नाही. कापसावर पडलेले विडी-सिगारेटचे जळते थोटूक हे आगीचे संभाव्य कारण मानले गेले.

युद्धकाळात गुप्तता आवश्यक असते, हे कोणी नाकारणार नाही. तथापि, ती शत्रूपुरती न राहता मदतीला धावणाऱ्यांपर्यंत पोचते, तेव्हा जीव जातात. मुंबईच्या आधी चार महिने, २ डिसेंबर १९४३ रोजी, इटलीतील बारी बंदरावर जर्मन विमानांनी बॉम्बफेक केली. तेथील 'जॉन हार्वे' या अमेरिकी जहाजावर मस्टर्ड वायूचे बॉम्ब गुप्तपणे आणलेले होते. जहाज फुटले आणि विषारी द्रव पाण्यावरील तेलात मिसळला. पाण्यातून बाहेर काढलेल्या खलाशांच्या अंगावर फोड का येत आहेत, हे डॉक्टरांना कळेना, कारण जहाजात काय होते हे त्यांना सांगण्यातच आले नव्हते. ओले कपडे वेळीच उतरविले असते, तर अनेक जण वाचले असते. ८० हून अधिक रुग्ण दगावले.

थेम्सच्या मुखातील टांगती तलवार

'रिचर्ड माँटगोमेरी'ची कथा अशा नाट्याशिवाय घडली. अमेरिकेतून सहा हजार टनांहून अधिक दारूगोळा घेऊन हे जहाज फ्रान्समधील शेरबुर्गकडे निघाले होते. ताफ्याची वाट पाहण्यासाठी त्याला थेम्सच्या मुखाशी, शिअरनेस गावासमोर नांगर टाकण्यास सांगण्यात आले. ओहोटीच्या वेळी जहाजाखाली पुरेसे पाणी राहणार नाही अशी ती जागा होती. नांगर सरकला, जहाज वाळूच्या दांड्यावर चढले आणि भाराने त्याची पाठ मोडली. माल उतरविण्याचे काम सुरू झाले. मागील तळघरे रिकामी झाली. पुढील तळघरांमध्ये पाणी शिरल्यावर सप्टेंबरअखेरीस काम सोडून देण्यात आले.

तेव्हापासून सुमारे १,४०० टन स्फोटके तेथे पडून आहेत. त्यात प्रामुख्याने विमानातून टाकायचे बॉम्ब आहेत. शिअरनेस गाव तेथून जेमतेम अडीच किलोमीटरवर आहे. जवळूनच मोठमोठी मालवाहू जहाजे ये-जा करतात. जहाजाच्या तीन डोलकाठ्या पाण्याबाहेर दिसतात आणि त्यावर धोक्याची सूचना लावलेली आहे. १९७३ च्या कायद्यान्वये भोवतालच्या क्षेत्रात प्रवेशास मनाई असून, ठराविक काळाने पाहणी करून सांगाड्याची झीज मोजली जाते. संपूर्ण साठा एकाच वेळी फुटल्यास पाण्याचा सुमारे तीन किलोमीटर उंचीचा स्तंभ उसळेल आणि पाच मीटर उंचीची लाट उठेल, असा अंदाज १९७० मध्ये ब्रिटिश लष्करी विज्ञान महाविद्यालयाने वर्तविला होता.

डोलकाठ्यांचे वजन गंजलेल्या सांगाड्याला पेलवेनासे होऊन त्या कोसळल्या, तर खालच्या बॉम्बना धक्का बसण्याची भीती आहे. म्हणून त्या कापण्याचा निर्णय २०२० मध्ये जाहीर झाला. २०२२ मध्ये सुरू व्हायचे हे काम वारंवार लांबणीवर पडले. उंच काठ्या कापण्यासाठीही एवढा विचार करावा लागतो, यावरून मूळ प्रश्नाची अवघड बाजू ध्यानात येते.

पाण्यात दारूगोळा निकामी होतो का?

समुद्राच्या खाऱ्या पाण्यात इतकी वर्षे पडून राहिलेली दारू आता कुचकामी झाली असेल, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. बॉम्बमध्ये सर्रास वापरले जाणारे टीएनटी पाण्यात अत्यल्प प्रमाणात विरघळते. बॉम्बचे लोखंडी कवच शाबूत असेपर्यंत आतील टीएनटी जवळपास जसेच्या तसे राहते. त्याला पेटविण्यासाठी जोरदार प्रेरक स्फोट लागतो. म्हणून निव्वळ टीएनटी तुलनेने स्थिर समजले जाते.

खरी चिंता प्रेरकांची, अर्थात फ्यूजची असते. फ्यूजमध्ये लेड अझाइड हे संवेदनशील संयुग वापरले जाते. ओलाव्याच्या संपर्कात आणि शेजारी तांबे किंवा पितळ असल्यास त्यापासून कॉपर अझाइड तयार होऊ शकते. ते मूळ पदार्थाहूनही अधिक नाजूक असते आणि किरकोळ धक्क्याने फुटू शकते. पाणी पूर्णपणे आत शिरून सारे धुऊन गेले, तर फ्यूज निकामी होतो. अर्धवट ओला फ्यूज मात्र सर्वांत बेभरवशाचा. कोणत्या बॉम्बचा फ्यूज कोणत्या अवस्थेत आहे, हे बाहेरून सांगता येत नाही. त्यामुळे वर्षे सरत जातात तसा काही बॉम्बचा धोका घटतो आणि काहींचा वाढतो.

कवच गंजून फुटल्यावर दुसरी समस्या सुरू होते. टीएनटी आणि त्याच्या विघटनातून तयार होणारे पदार्थ विषारी आहेत. जर्मनीच्या किनाऱ्याजवळील अशा साठ्यांभोवती ठेवलेल्या शिंपल्यांच्या मांसात ते आढळले आहेत. म्हणजे जहाज फुटले नाही, तरी ते समुद्रात काही ना काही सोडत राहतेच.

चार मार्ग, चारही अवघड

अशा जहाजांबाबत तज्ज्ञांपुढे ढोबळमानाने चार मार्ग असतात.

पहिला मार्ग हात न लावता पहारा ठेवण्याचा. 'माँटगोमेरी'बाबत ब्रिटिश सरकारने हाच स्वीकारला. यात आजचा धोका कमी राहतो. मात्र सांगाडा झिजत जातो आणि पुढे कधी काम करायचे ठरले, तर ते आजच्यापेक्षा कठीण झालेले असते.

दुसरा मार्ग स्फोटके बाहेर काढण्याचा. त्यातील जोखीम 'किएल्से' या पोलिश जहाजाने दाखवून दिली. दारूगोळा घेऊन जाणारे हे जहाज १९४६ मध्ये इंग्लंडच्या फोकस्टन गावासमोर बुडाले होते. ते उचलण्याचे काम सुरू असताना १९६७ मध्ये त्यात स्फोट झाला. भूकंपमापकांवर ४.५ रिश्टर इतकी नोंद झाली, समुद्रतळाला मोठा खड्डा पडला, गावात घबराट उडाली. जीवितहानी झाली नाही, कारण जहाज किनाऱ्यापासून काही किलोमीटर दूर होते. 'माँटगोमेरी'ला हात लावण्याचा विषय निघतो, तेव्हा 'किएल्से'चे उदाहरण हमखास पुढे येते.

तिसरा मार्ग जागेवरच स्फोट घडविण्याचा. एकट्या-दुकट्या सुरुंगासाठी तो सर्रास वापरला जातो, पण त्याची किंमत सागरी जीवांना चुकवावी लागते. २०१९ मध्ये जर्मनीच्या बाल्टिक किनाऱ्यालगत महायुद्धकालीन सुरुंग अशा रीतीने उडविण्यात आले. त्यानंतर मृत सापडलेल्या पॉर्पॉइज या डॉल्फिनसदृश प्राण्यांपैकी काहींच्या कानांना स्फोटाच्या दाबाने इजा झाल्याचे दिसून आले. आता स्फोटाभोवती हवेच्या बुडबुड्यांचा पडदा उभारून दाब कमी करणे किंवा स्फोटके फुटू न देता जाळून टाकणे, अशा पद्धती वापरल्या जातात. त्याही बिनधोक नाहीत. २०२० मध्ये पोलंडमधील स्विनोउश्चे येथे पाच टनी बॉम्ब जाळताना शेवटी त्याचा स्फोट झालाच. परिसर आधीच रिकामा केलेला असल्याने कोणालाही इजा झाली नाही.

चौथा मार्ग झाकून टाकण्याचा. सांगाड्यावर वाळू किंवा काँक्रीटचे आवरण घालून विषारी गळती रोखता येते. तथापि, आवरण घालतानाचा भार आणि हादरा हाच धोका ठरू शकतो. शिवाय एकदा झाकल्यावर आत काय चालले आहे, हे पाहण्याचा मार्ग बंद होतो.

या चारांत सर्वत्र लागू पडणारा असा एकही मार्ग नाही. म्हणूनच जर्मनीने अलीकडे उचललेले पाऊल महत्त्वाचे मानले जाते. तेथील सागरी हद्दीत सुमारे १६ लाख टन जुना दारूगोळा पडून असल्याचा अंदाज आहे. त्यातील बराचसा युद्ध संपल्यावर मुद्दाम समुद्रात टाकलेला आहे. त्याच्या विल्हेवाटीच्या प्रारंभिक कार्यक्रमासाठी जर्मन सरकारने १० कोटी युरोंची तरतूद केली आणि २०२४ मध्ये ल्युबेकच्या उपसागरात प्रायोगिक काम सुरू झाले. दूरनियंत्रित यंत्रांनी एकेक नग ओळखून, वर्गवारी करून उचलायचा आणि पुढे समुद्रावरच तरंगत्या भट्टीत तो नष्ट करायचा, अशी ती कल्पना आहे. काम संथ आणि खर्चिक आहे. तथापि, प्रश्न पुढच्या पिढीवर ढकलायचा नाही, एवढे तरी त्यातून ठरले.

कायद्याच्या कक्षेबाहेर

समुद्रात कचरा टाकण्यास प्रतिबंध करणारा लंडन करार १९७२ चा आहे. महायुद्धातील दारूगोळा त्यापूर्वीच तळाशी गेला होता. रासायनिक शस्त्रास्त्रांवर बंदी घालणाऱ्या १९९३ च्या करारातही १९८५ पूर्वी समुद्रात बुडविलेल्या शस्त्रांची माहिती जाहीर करण्याचे बंधन नाही. बुडालेली जहाजे हटविण्यासंबंधीचा नैरोबी करार २००७ मध्ये झाला. भारतानेही तो स्वीकारला आहे. मात्र युद्धनौका त्यातून वगळलेल्या आहेत आणि करार होण्याआधी बुडालेल्या जहाजांचा भार त्यात कोणावर टाकलेला नाही. परिणामी खर्च कोणी करायचा, जहाज ज्या देशाचे त्याने की किनारा ज्या देशाचा त्याने, हा वाद प्रत्येक ठिकाणी नव्याने उभा राहतो.

मुंबईत हा वाद उद्भवला नाही, कारण तेथे पर्यायच उरला नव्हता. देशातील प्रमुख बंदर बंद ठेवणे शक्य नसल्याने गाळ उपसावाच लागला. तरीही सारे काही निघाले नाही. पुढे कित्येक वर्षे गाळ काढताना सोन्याच्या विटा मिळत राहिल्या. २०११ मध्येही गोदीच्या परिसरात सोन्याची वीट आणि त्याच वर्षी जिवंत तोफगोळा सापडल्याच्या बातम्या आल्या होत्या. नंतर व्हिक्टोरिया आणि प्रिन्सेस या दोन्ही गोद्या कंटेनर ठेवण्याच्या जागेसाठी बुजविण्यात आल्या. ज्या पाण्यात 'फोर्ट स्टिकीन' उभे होते, तेथे आज जमीन आहे.

बंदरापासून दूर, प्रश्न तोच

दौंड किंवा शिरूरच्या रहिवाशांना हा विषय समुद्राकाठचा वाटणे स्वाभाविक आहे. तथापि, दौंडहून रेल्वेने दीड-दोन तासांवर असलेल्या अहिल्यानगरजवळ के. के. रेंज हे लष्कराचे सरावक्षेत्र आहे. सरावात न फुटलेले गोळे भंगारासाठी गोळा करताना किंवा फोडताना स्फोट होऊन ग्रामस्थ दगावल्याच्या घटना तेथील गावांनी अनुभवल्या आहेत. पितळ आणि तांब्याला भाव मिळतो म्हणून उचललेला गोळा आणि थेम्सच्या तळाशी पडलेला बॉम्ब यांचे रसायनशास्त्र एकच आहे. बराच काळ न फुटलेली वस्तू आता फुटणार नाही, असा निष्कर्ष दोन्हीकडे सारखाच घातक ठरतो. अशी वस्तू दिसल्यास तिला हात न लावता दूर व्हावे, इतरांना जवळ जाऊ देऊ नये आणि ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे, एवढेच नागरिकाने करायचे असते.

दुसरा धडा साठवणुकीचा आहे. दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने मोठ्या संख्येने आहेत आणि तेथे आगीच्या घटना यापूर्वी घडलेल्या आहेत. घातक रसायनांच्या साठवणुकीबाबतचे १९८९ चे नियम आणि रासायनिक अपघातांसंबंधीचे १९९६ चे नियम यांनुसार ठराविक मर्यादेपलीकडे साठा असलेल्या कारखान्यांनी आपत्कालीन आराखडा तयार ठेवणे आणि आसपासच्या लोकांना धोक्याची माहिती देणे बंधनकारक आहे. गोदामात काय आहे, ते कशाशेजारी ठेवले आहे आणि पाणी मारल्यास त्याचे काय होईल, या तीन प्रश्नांची उत्तरे बंबावरील जवानाला फाटकापाशीच मिळाली पाहिजेत. 'फोर्ट स्टिकीन'वर ती वेळेत मिळाली नाहीत.

हा प्रकार १९४४ बरोबर संपला, असेही नाही. 'ऱ्होसस' नावाचे जहाज २०१३ मध्ये २,७५० टन अमोनियम नायट्रेट घेऊन लेबनॉनमधील बैरूत बंदरात आले आणि तेथेच अडकून पडले. माल उतरवून गोदामात ठेवण्यात आला. जहाज २०१८ मध्ये बंदरातच बुडाले. माल हलविण्याविषयी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार झाला, पण निर्णय कोणीच घेतला नाही. ४ ऑगस्ट २०२० रोजी गोदामाला आग लागली. ती विझविण्यासाठी गेलेल्या दहा जणांच्या पथकाला आत काय आहे, याची कल्पना नव्हती. स्फोटात ते सर्व जण आणि अन्य दोनशेहून अधिक लोक मरण पावले. भारताच्या किनाऱ्यावरही २५ मे २०२५ रोजी 'एमएससी एल्सा ३' हे मालवाहू जहाज केरळजवळ बुडाले. त्यावरील ६४० कंटेनरपैकी १३ कंटेनरमध्ये धोकादायक माल होता. किनाऱ्यावर वाहून येणाऱ्या कंटेनरजवळ जाऊ नये, असे आवाहन तेथील प्रशासनाला करावे लागले.

या साऱ्या घटनांतून उपाययोजनेची दिशा स्पष्ट होते. जहाजात अथवा गोदामात काय आहे, याची यादी खुली असावी. धोकादायक माल वस्तीपासून आणि एकमेकांपासून दूर ठेवावा. बुडालेल्या साठ्याची नियमित पाहणी करून, जे सुरक्षितपणे काढता येईल ते थोडे थोडे काढत राहावे. आणि संकटाच्या वेळी अंतिम निर्णय कोणी घ्यायचा, हे आधीच लिहून ठेवलेले असावे. व्हिक्टोरिया गोदीतील अधिकारी दोन तास निर्णयाविना उभे राहिले. 'माँटगोमेरी'बाबत हाच कालावधी आठ दशकांहून अधिक लांबला आहे.

दृष्टिक्षेपात

- 'फोर्ट स्टिकीन' : १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया गोदी, मुंबई. स्फोटके १,३९५ टन. आगीनंतर दोन स्फोट.
- 'रिचर्ड माँटगोमेरी' : २० ऑगस्ट १९४४, शिअरनेसजवळ, इंग्लंड. सुमारे १,४०० टन स्फोटके अद्याप जहाजात.
- 'जॉन हार्वे' : २ डिसेंबर १९४३, बारी, इटली. मस्टर्ड वायूच्या बॉम्बची गुप्त वाहतूक.
- 'किएल्से' : १९४६ मध्ये बुडाले. १९६७ मध्ये उचलताना स्फोट.
- अग्निशमन सेवा सप्ताह : दर वर्षी १४ ते २० एप्रिल.